हायस्कूलचं टॅकल फुटबॉल आणि डोक्याची दुखापत : फॉर्मवर सही करण्याआधी काय तपासावं?

प्राजक्ता_सेंट्रलजर्सी

नमस्कार. मुलगा सप्टेंबरात नववीत जाईल. आजवर अमेरिकन फुटबॉलचा फक्त फ्लॅग प्रकार (कमरेची पट्टी ओढायची, धडक नाही) खेळलाय, आता शाळेच्या फ्रेशमन (नववीच्या) टीममध्ये टॅकल, म्हणजे धडकून खाली पाडायचा प्रकार, खेळायचं म्हणतोय. अंगापिंडाने थोराड आहे, त्यामुळे कोच त्याला लाइनवर, म्हणजे समोरासमोर धडकणाऱ्या पुढच्या रांगेत, घेतील असं दिसतं. ऑगस्टात कॅम्प सुरू होतो, त्याआधी सगळ्या फॉर्मवर सह्या करायच्या आहेत.

खेळू द्यावं की नाही यावर इथे कौल घ्यायचा नाहीये, ते आम्ही घरात ठरवू. पण ठरवायला जी माहिती लागते तीच धड मिळत नाही. बातम्यांत '९९ टक्के खेळाडूंच्या मेंदूत बिघाड' असं येतं, आणि शाळेच्या मीटिंगमध्ये 'आताची हेल्मेट खूप सुधारली आहेत' एवढ्यावर विषय संपतो. म्हणून विचारते:

ते ९९ टक्के कसे वाचायचे? चौदाव्या वर्षी सुरुवात करून चार वर्षं खेळणाऱ्या मुलाला ते कितपत लागू पडतात?
हेल्मेट शाळेचं वापरावं की आपण विकत घ्यावं? वरून घालायच्या गार्डियन कॅपचा उपयोग होतो का?
कोचला नेमके कोणते प्रश्न विचारायचे?
डोक्याला लागलंच, तर पहिले दोन दिवस काय करायचं आणि परत मैदानात कधी?

ज्यांना यातलं आतून माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

अक्षतंतू

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

तो आकडा २०१७ च्या बॉस्टन विद्यापीठाच्या अभ्यासातला आहे. फुटबॉल खेळलेल्या २०२ मृत व्यक्तींचे मेंदू तपासले. त्यांतले १११ एनएफएल (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) खेळलेले होते आणि त्यांपैकी ११० जणांत सीटीई (डोक्याला वारंवार धक्के बसल्याने होणारा मेंदूचा आजार) सापडला. कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ पैकी ४८ जणांत, आणि फक्त हायस्कूलपर्यंत खेळलेल्या १४ पैकी ३ जणांत. हे मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते, आणि माणसाच्या वागण्यात, स्मरणात काही बिघडलेलं दिसल्याशिवाय सहसा कुणी मेंदू दान करत नाही. त्यामुळे 'खेळणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना होतो' असा अर्थ त्यातून निघत नाही. पण 'निवडक नमुना आहे, सोडून द्या' असंही म्हणता येणार नाही. त्याच गटाने पुढे सर्वसाधारण लोकांमधले १६४ मेंदू तपासले तेव्हा एकातच सीटीई मिळाला, आणि ती व्यक्ती कॉलेजात फुटबॉल खेळलेली होती.

सीटीईमध्ये टाऊ नावाचं प्रथिन विस्कटून मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचतं. ते तिथेच का, तर धक्का बसला की मेंदूचा सर्वाधिक ताण त्या खोल घड्यांमध्ये येतो. आजही याचं पक्कं निदान मृत्यूनंतरच होतं. जिवंतपणी एमआरआय करून 'तुमच्या मुलाला सीटीई नाही' असं सर्टिफिकेट कुणी देऊ शकत नाही. कुणी देत असेल तर पैसे वाचवा.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते पुढचे दोन अभ्यास. २०२० मध्ये २६६ खेळाडूंच्या मेंदूंवरून असं दिसलं, की टॅकल खेळण्याच्या दर वाढीव वर्षामागे सीटीई असण्याची शक्यता ३० टक्क्यांनी वाढते, म्हणजे साधारण अडीच वर्षांत दुप्पट. आणि २०२३ मध्ये दिसलं, की कन्कशन (धक्क्याने मेंदूचं काम तात्पुरतं बिघडणं) किती वेळा झालं यापेक्षा डोक्याला बसलेल्या सगळ्या लहानमोठ्या धक्क्यांची एकूण बेरीज जास्त बोलते. ज्या धक्क्याने चक्कर येत नाही, डोकं दुखत नाही, मुलगा उठून पुढचा डाव खेळतो, तेही त्या बेरजेत धरायचे. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी हायस्कूलच्या मुलांच्या हेल्मेटात सेन्सर बसवून मोजले, तेव्हा एका सीझनला सरासरी साडेसहाशेच्या आसपास धक्के निघाले, आणि लाइनवरच्या मुलांना त्याहून बरेच अधिक.

याचा तुमच्यापुरता अर्थ असा. आठव्या वर्षाऐवजी चौदाव्या वर्षी टॅकल सुरू करणं हा मोठाच फायदा आहे, तो तुम्ही आधीच पदरात पाडून घेतला आहे. यापुढे 'कन्कशन झालं का' एवढंच न मोजता 'आठवड्याला धक्के किती' हेही मोजायला लागा. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं याच प्रश्नाशी जोडून बघावी लागतील.

थर्ड_अँड_लाँग

वरच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. धक्के कमी करण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे सराव. आठवड्याला मॅच एक, सराव चार-पाच दिवस.

न्यू जर्सीत असाल तर एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. तिथल्या शालेय क्रीडा संघटनेने २०१९ मध्ये सीझन चालू असतानाचा पूर्ण-संपर्क सराव आठवड्याला ९० मिनिटांवरून १५ मिनिटांवर आणला, आणि सीझनपूर्व काळासाठी एकूण ६ तासांची मर्यादा घातली. तुलनेला कॅलिफोर्निया घ्या : तिथे २०१४ च्या कायद्याने आठवड्याला दोन दिवस, प्रत्येकी ९० मिनिटं चालतात. मर्यादा घालून फरक पडतो हेही दिसलंय. विस्कॉन्सिनने २०१४ मध्ये पहिल्या आठवड्यात शून्य, दुसऱ्यात ७५ मिनिटं आणि पुढे ६० मिनिटं असा नियम केला, तेव्हा सरावातली कन्कशन निम्म्याहून खाली आली.

पण कागदावरची १५ मिनिटं आणि मैदानावरची १५ मिनिटं यांत अंतर पडतं, ते कसं ते समजून घ्या. संपर्काच्या पाच पायऱ्या मानतात. 'एअर' म्हणजे समोर कुणीच नाही. 'बॅग' म्हणजे गादीला धडक. 'कंट्रोल' म्हणजे ठरवलेल्या वेगाने जाऊन आधीच ठरलेला गडी जिंकतो. 'थड' म्हणजे पूर्ण वेगाने धडक, पण खाली पाडायचं नाही. आणि 'लाइव्ह' म्हणजे मॅचसारखंच. काही कोच फक्त 'लाइव्ह'ची मिनिटं मोजतात आणि 'थड' मोजत नाहीत. बॉल घेऊन पळणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही, पण लाइनमनला पडतो. त्याचं काम मुळात पाडायचं नसतंच, धडकायचं असतं. दोन फुटांवरून दर डावाला डोकं-खांद्याची धडक 'थड'मध्येही तेवढीच बसते. तेव्हा कोचला पहिला प्रश्न हाच विचारा : तुमच्या १५ मिनिटांत 'थड' धरलाय का, आणि लाइनमनचे एकास-एक ड्रिल कोणत्या पायरीत मोजता?

दुसरा प्रश्न, मुलगा आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे खेळणार का? फ्रेशमन टीममध्ये मुलं कमी असली की धष्टपुष्ट मुलाला दोन्हीकडे उभं करतात. त्याचे डाव दुप्पट होतात. त्याच आठवड्यात फ्रेशमन मॅच खेळून पुन्हा जेव्ही (शाळेच्या दुय्यम टीमच्या) मॅचलाही त्याला बोलावणार का, तेही विचारा. मिनिटांची मर्यादा सरावाला आहे. मॅचमधले त्याचे डाव कुणी मोजत नसेल तर ते तुम्ही बाकावर बसून मोजा.

तिसरा, ओक्लाहोमा ड्रिल किंवा त्याच्या जातीचं काही करतात का? दोन मुलं समोरासमोर, दोन्हीकडे गाद्या टाकून केलेली अरुंद गल्ली, शिट्टी वाजली की एकमेकांवर तुटून पडायचं, आणि बाकीची टीम भोवती ओरडत. एनएफएलने २०१९ मध्ये हे आपल्या सरावातून हद्दपार केलं. पॉप वॉर्नर या लहान मुलांच्या संघटनेने त्याही आधी, २०१२ मध्ये, तीन यार्डांहून जास्त अंतरावरून समोरासमोर धावत येऊन धडकायचे ड्रिल बंद केले. नाव बदलून हेच चालू असलं तरी डोळ्यांनी ओळखू येतं : गल्ली, समोरासमोर, धावण्याला वाव. सराव बघायला पालकांना परवानगी असेल तर एक पूर्ण दिवस कुंपणापाशी उभं राहून बघा.

टॅकलिंग कसं शिकवतात हेही बघा. जुनी पद्धत अशी होती, की डोकं पळणाऱ्याच्या छातीसमोरून पलीकडे टाकायचं. यात मेंदू आणि मान दोन्ही धोक्यात. रग्बीवरून घेतलेली खांद्याची पद्धत आता बरेच जण शिकवतात. डोळे वर, डोकं पळणाऱ्याच्या मागच्या बाजूला, जवळचा पाय आणि जवळचा खांदा आत, मांड्यांना मिठी आणि मग लोळण. मान वाकवून हेल्मेटचा माथा पुढे केला की मानेच्या मणक्यांचा नैसर्गिक बाक जाऊन ते सरळ रेषेत येतात आणि सगळा जोर मणक्यांवर उतरतो. १९७६ मध्ये माथ्याने धडक मारायला बंदी आली ती यासाठीच, आणि त्यानंतर मान मोडून लुळं पडण्याचे प्रकार स्पष्टपणे घटले.

सराव हलका केला की टीम कच्ची राहते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. डार्टमथ कॉलेजच्या बडी टीव्हन्स यांनी २०१० पासून सरावात आपल्याच मुलांना टॅकल करणं पूर्ण थांबवलं, सगळं टॅकलिंग गाद्यांवर आणि पुढे रिमोटवर पळणाऱ्या पुतळ्यांवर. २०१५ मध्ये ती टीम आयव्ही लीग या विद्यापीठांच्या स्पर्धेची संयुक्त विजेती होती आणि २०१६ मध्ये सगळ्या आयव्ही लीगने सीझनमधलं सरावाचं टॅकलिंग बंद केलं. त्याच वर्षी लीगने किकऑफ (खेळ सुरू करायची लांब किक) ३५ वरून ४० यार्डांच्या रेषेवर नेला, म्हणजे बॉल थेट शेवटच्या पट्ट्यात जावा आणि दोन्हीकडची मुलं पूर्ण वेगात एकमेकांवर आदळू नयेत. किकऑफवरची कन्कशन दर हजार डावांमागे ११ च्या जवळ होती, ती २ वर आली. तुमच्या मुलाला किकऑफच्या टीममधून वगळता येईल का, हे विचारायला अजिबात संकोच करू नका. लाइनमनला तिथून काढल्याने टीमचं काही अडत नाही.

लॉकररूम_४४

हेल्मेटचं मी सांगतो. हेल्मेट कवटी फुटू नये म्हणून बनतं आणि ते काम चोख करतं. कन्कशन हे मेंदू कवटीच्या आत हलल्याने, विशेषतः गर्रकन वळल्याने होतं. बाहेरचं कवच कितीही चांगलं असलं तरी आतलं वळणं पूर्ण थांबत नाही. त्यामुळे 'कन्कशन-प्रूफ' असं हेल्मेट अस्तित्वात नाही. पण चांगलं आणि वाईट यांत फरक नक्की आहे.

व्हर्जिनिया टेक २०११ पासून फुटबॉल हेल्मेटना तारे देते. सरळ धक्का आणि वळणारा धक्का दोन्ही मोजून एक आकडा काढतात. आकडा जितका कमी तितकं हेल्मेट चांगलं. नुसते तारे न बघता आकडा बघा. लहान मुलांच्या मापाची यादी वेगळी असते आणि मोठ्यांच्या यादीतला आकडा तिथे लागू होत नाही, हे ध्यानात ठेवा.

शाळेचं हेल्मेट घ्यायला काहीच हरकत नाही, दोन गोष्टी बघून. एक, बनवल्याचं वर्ष. ते कवचाच्या आत असतं. दुरुस्ती करणाऱ्या मान्यताप्राप्त कंपन्या दहा वर्षं झालेलं हेल्मेट दुरुस्त करून देत नाहीत, ते थेट बाद. दोन, नॉकसीचा (खेळाच्या साहित्याची सुरक्षा-मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा) शिक्का आणि शेवटच्या फेरतपासणीच्या वर्षाचा स्टिकर. गेल्या हिवाळ्यात फेरतपासणीला जाऊन आलं असेल तर उत्तम. स्टिकर नसेल तर 'दुसरं द्या' म्हणा. स्वतः विकत घेणार असाल तर आधी शाळेला विचारा, कारण फेरतपासणीला पाठवायची जबाबदारी मग तुमच्यावर येते आणि काही शाळा बाहेरचं हेल्मेट चालवून घेत नाहीत.

महागड्या हेल्मेटपेक्षा नीट बसलेलं हेल्मेट जास्त कामाचं, आणि इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. बसवायचं असं : भुवयांच्या एक इंच वरून टेपने डोक्याचा घेर घ्या, त्यावरून कवचाचं माप ठरतं. केस खेळताना असतात तसेच ठेवा. घातल्यावर पुढची कड भुवयांच्या वर एक इंचावर, म्हणजे साधारण दोन बोटं. जॉ पॅड (जबड्याजवळच्या गाद्या) दोन्ही गालांना टेकलेले हवेत, मध्ये बोट जाऊ नये. ते वेगवेगळ्या जाडीचे मिळतात, बदलून मागा. हवेच्या पिशव्या डोक्यावर असतानाच भरायच्या, आधी बाजू आणि मागची, मग माथ्याची. आता फेसमास्क (तोंडापुढची जाळी) धरून हेल्मेट डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवा : कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली तर बरोबर, हेल्मेट कातडीवरून घसरलं तर सैल. शेवटी चिनस्ट्रॅपची (हनुवटीच्या पट्ट्याची) चारही बटणं लावून मुलाला मोठी जांभई द्यायला सांगा. माथ्यावर हेल्मेट खाली ओढलं गेल्याचं त्याला जाणवायला हवं.

हे एकदाच करून भागत नाही. हवा हळूहळू निघते, आणि ऑक्टोबरात थंडी पडली की पिशव्या आणखी मऊ होतात. ऑगस्टात घट्ट बसलेलं हेल्मेट तेव्हा डोक्यावर फिरायला लागतं. मध्येच केस बारीक कापले तरी तेच. म्हणून दर आठवड्याला, मॅचच्या आदल्या दिवशी, कपाळाच्या कातडीची परीक्षा घ्या. वीस सेकंदांचं काम आहे. मुलं खालची दोन बटणं मोकळी ठेवतात, कारण हनुवटीला घाम येतो. त्यावर लक्ष ठेवा. हेल्मेट गाडीच्या डिकीत उन्हात टाकू नका, आणि रंग, स्पिरिट, थिनर कवचाला लागू देऊ नका. प्लास्टिक आतून ठिसूळ होतं आणि वरून काही दिसत नाही.

गार्डियन कॅप : साडेतीनशे ग्रॅमच्या आतबाहेरची मऊ टोपी, हेल्मेटवरून घालायची. एनएफएलने २०२२ मध्ये सीझनपूर्व सरावात लाइनमनसह काही जागांना ती सक्तीची केली आणि २०२४ पासून मॅचमध्येही घालायला मुभा दिली. एनएफएलच्या म्हणण्यानुसार त्यांच्या सरावात कन्कशन निम्म्याने घटली. पण ते वापरतात ती जाड आवृत्ती आहे. शाळांना मिळते ती वेगळी, आणि विस्कॉन्सिनच्या हायस्कूल खेळाडूंवरच्या अभ्यासात ती घालणाऱ्या आणि न घालणाऱ्या मुलांच्या कन्कशनच्या प्रमाणात फरक आढळला नाही. शाळा देत असेल तर घालू द्या, अपाय नाही. मात्र ती आहे म्हणून कोच जास्त धडका मारून घेत असेल तर तुमचा तोटाच आहे.

माउथगार्ड दातांसाठी, तो हवाच. कन्कशनसाठी म्हणून कुणी महागडा विकत असेल तर घेऊ नका.

प्राजक्ता_सेंट्रलजर्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. 'थड'बद्दल कुणीच बोललं नव्हतं. चौथ्या प्रश्नाची वाट बघते आहे. शाळेने कॉम्प्युटरवरची बेसलाइन टेस्ट घ्यायची आहे असं कळवलंय. तिचा भरवसा किती?

साइडलाइन_एटी

बेसलाइनपासून सुरुवात करतो, कारण ती आधी येते.

इम्पॅक्टसारखी टेस्ट बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी असते. स्मरण, प्रतिक्रियेचा वेग वगैरे मोजते आणि दुखापतीनंतरच्या निकालाशी तुलना करायला उपयोगी पडते. पण ती तीस मुलांना एका कॉम्प्युटर लॅबमध्ये कोंबून, गोंगाटात, सरावानंतर दमलेली असताना घेतली तर निकाल कामाचा राहत नाही. मुलगा नीट झोपलेला असावा, खोली शांत असावी, आणि त्याने मनापासून द्यावी. काही मुलं मुद्दाम वाईट देतात, म्हणजे पुढे लागलं तरी फरक दिसू नये. ही चलाखी टोळीने शिकवली जाते, म्हणून घरीच आधी बोलून ठेवा. आणि टेस्ट नॉर्मल आली म्हणजे खेळायला मोकळा, असं कधीच नसतं. निर्णय लक्षणं, तपासणी आणि डॉक्टर मिळून होतो.

आता प्रत्यक्ष लागलं तर. बेशुद्ध पडणं ही कन्कशनची अट नाही. दहातल्या नऊहून जास्त वेळा मुलगा शुद्धीवरच असतो. बघायचं ते असं : उठायला उशीर लागणं, पाय लटपटणं, चुकीच्या हडलकडे (दुसऱ्याच टीमच्या घोळक्याकडे) जाणं, रोजचा डाव विसरणं, प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागणं, नजर शून्यात असणं, उजेड-आवाज नकोसा होणं, मळमळ, उगाच रडू किंवा चिडचिड. यातलं एकही दिसलं तर त्या दिवसापुरता खेळ संपला. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं तरी संपला. मियामीचा क्वार्टरबॅक तुआ तागोवायलोआ २०२२ च्या सप्टेंबरात धडकेनंतर उठून लडखडला, तरी त्याला परत पाठवलं. चार दिवसांनी दुसऱ्या मॅचमध्ये तो असा आपटला की बोटं ताठ वाकडी झाली. त्यानंतर एनएफएलने तोल जाणं हे लक्षण दिसलं की त्या दिवशी परत नाही, असा नियम घातला. हायस्कूलला हा नियम त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने झॅकरी लिस्टेड या मुलाच्या नावाने कायदा केला, तेरा वर्षांचा असताना त्याला हाफटाइमनंतर परत उतरवल्यामुळे मेंदूत रक्तस्राव झाला होता त्या प्रकरणावरून. २०१४ पर्यंत तसा कायदा सगळ्या पन्नास राज्यांत झाला : संशय आला की बाहेर, आणि डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय आत नाही.

मान दुखतेय, हातापायात मुंग्या आहेत किंवा शुद्ध नाही, अशा वेळी हेल्मेट कुणीही काढायचं नाही. हेल्मेट आणि खांद्याचे पॅड दोन्ही एकत्र असतात तेव्हा मान सरळ राहते. श्वासासाठी फक्त फेसमास्क काढतात, आणि ते काम ट्रेनरचं, म्हणजे दुखापती बघणाऱ्या शाळेच्या प्रशिक्षित माणसाचं. बाकावरून धावत जाऊन मुलाचं डोकं मांडीवर घेण्याचा मोह आवरा.

९११ कधी : डोकेदुखी वाढतच चालली, पुन्हा पुन्हा उलटी, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, बोलणं जड होणं, एका बाजूला शक्ती कमी, फिट, माणसं न ओळखणं, किंवा उठवूनही न उठणं. यांपैकी काही दिसलं तर नातेवाइकांना फोन करत बसू नका.

धोक्याची लक्षणं नसतील तर पहिले काही तास एकटं सोडू नका, गाडी चालवायला देऊ नका. झोपू द्या. दर तासाला हलवून उठवायची जुनी पद्धत, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं नसेल तर, नको. झोपच त्याला बरं करते. डोकं दुखत असेल तर पहिल्या दिवस-दोन दिवसांत आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन टाळा आणि अ‍ॅसिटामिनोफेन वजनाच्या हिशोबात, बालरोगतज्ज्ञांना विचारून द्या. सीटी स्कॅनसाठी हटून बसू नका. तो रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर शोधायला असतो, कन्कशन त्यात दिसत नाही. पुण्या-मुंबईतल्या डॉक्टर नातेवाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर नॉर्मल स्कॅन पाठवला आणि 'काही नाही, खेळू दे' असं उत्तर आलं, तर ते ऐकू नका.

अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवायचं, हेही आता मागे पडलंय. अ‍ॅमस्टरडॅमच्या २०२२ च्या, खेळातल्या कन्कशनवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचं म्हणणं असं : पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, फोन-टीव्ही-गेम अगदी कमी, पण घरात वावरणं, हळू चालणं चालू. त्यानंतर हलका व्यायाम जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. आधी शाळा, मग खेळ. शाळेला चिठ्ठी देऊन अर्धा दिवस, परीक्षा पुढे ढकलणं, कॅफेटेरियाच्या गोंगाटातून सुटका एवढं मागून घ्या.

मैदानात परत जायच्या सहा पायऱ्या आहेत. दैनंदिन हालचाल; मग हलका ते मध्यम व्यायाम; मग एकट्याने खेळासारख्या हालचाली; मग संपर्काशिवाय टीमबरोबर सराव; मग पूर्ण सराव; मग मॅच. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. दुसऱ्या पायरीत सायकल किंवा ट्रेडमिल, आधी कमाल ठोक्यांच्या ५५ टक्क्यांपर्यंत, जमलं तर ७० पर्यंत. चौदा वर्षांच्या मुलाला हे साधारण ११३ आणि १४४ ठोके होतात. मनगटावरच्या घड्याळात सहज दिसतं. व्यायामाआधी 'आत्ता त्रास दहापैकी किती' हे विचारून ठेवा. व्यायाम करताना तो दोनपेक्षा जास्त अंकांनी वाढला किंवा तासाभरात शमला नाही, तर थांबायचं आणि उद्या पुन्हा त्याच पायरीवर. चौथ्या पायरीला जायच्या आधी सगळी लक्षणं पूर्ण गेलेली हवीत आणि डॉक्टरांची परवानगी हवी. शनिवारच्या मॅचसाठी दोन पायऱ्या एका दिवसात उरकू द्यायच्या नाहीत. दहा दिवसांनंतरही चक्कर, मानदुखी किंवा डोकेदुखी उरली तर मान आणि तोल यांवर काम करणाऱ्या फिजिओकडे पाठवायला सांगा. नुसतं थांबून राहण्यात वेळ जातो.

घाई का नको? पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरलेला नसताना दुसरा बसला तर मेंदूला अचानक सूज येऊन जीव जाऊ शकतो. क्वचित होतं, पण ज्यांना झालंय ती बहुतेक याच वयाची मुलं आहेत.

सेंटलुईसकर

सगळं बरोबर आहे, पण इतकी पथ्यं पाळून लाइनवर उभं राहण्यापेक्षा फ्लॅगच पुढे चालू ठेवावं, असं माझं स्पष्ट मत. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही फ्लॅग आहे. अक्षतंतू यांनी दिलेले आकडे वाचून टॅकलला हो म्हणणं मला अवघड जातं.

अक्षतंतू

@सेंटलुईसकर, डॉक्टर म्हणून माझाही कल तिकडेच आहे, पण त्यांनी कौल मागितलेला नाही आणि चौदा वर्षांच्या मुलाचं म्हणणंही वजनदार असतं. टॅकलच ठरलं तर एक मधला मार्ग सुचवतो : एका वेळी एकाच सीझनचा निर्णय घ्या, चार वर्षांचा नको. नोव्हेंबरात बसून पुन्हा ठरवा. थांबण्यासाठी 'इतकी कन्कशन झाली की बास' असा ठरावीक आकडा नाही. पण प्रत्येक वेळी कमी धक्क्याने लक्षणं येऊ लागली, किंवा बरं व्हायला आधीपेक्षा जास्त दिवस लागू लागले, तर तिथेच थांबा.

थर्ड_अँड_लाँग

लाइनमनबद्दल एक राहिलं. तीन-टेकू पवित्रा, म्हणजे एक हात जमिनीवर टेकून उभं राहणं, यात डोकं सगळ्यात पुढे असतं आणि उठताना पहिली धडक त्याचीच बसते. पॉप वॉर्नरने लहान गटांसाठी तो बंद केलाय. हायस्कूलमध्ये सक्ती कुठलीच नाही, त्यामुळे पास अडवायच्या डावांत तरी तुमच्या मुलाला दोन पायांवर, डोकं वर ठेवून सुरुवात करू द्याल का, हे कोचला विचारता येईल. बरेच कोच आता तसंच शिकवतात.

साइडलाइन_एटी

आणि ऑगस्टच्या मीटिंगला जाताना हेही लिहून न्या : फ्रेशमन टीमच्या बाहेरगावच्या मॅचना अ‍ॅथलेटिक ट्रेनर बरोबर असतो का? व्हार्सिटीला (शाळेच्या मुख्य टीमला) बहुतेकदा असतो. फ्रेशमनच्या मॅच बहुधा आठवड्याच्या मधल्या दुपारी, दुसऱ्याच मैदानावर असतात आणि तिथे यजमान शाळेच्या भरवशावर सोडलेलं असतं. 'नाही' असं उत्तर आलं तर मुलाला बाहेर काढण्याचा अधिकार त्या दिवशी नेमका कुणाला, रुग्णवाहिका कोणत्या गेटने आत येणार आणि त्या गेटची किल्ली कुणाकडे, हे नावानिशी विचारून घ्या.